प्रा. सिरस प्रकरण : निलंबन ते स्थगिती, आणि मधले ५१ दिवस

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांनी मराठी साहित्यात पीएच.डी. केली आणि १९८८ साली ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायला रुजू झाले. पुढे ते तिथल्या आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख झाले. कवी म्हणून त्यांना महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कारही मिळाला होता. साठी ओलांडलेले, एकटे राहणारे आणि निवृत्ती काही महिन्यांवर आलेले हे प्राध्यापक विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये राहत असत.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. आत सिरस आणि एक सायकलरिक्षा चालवणारा माणूस होता. दोघंही सज्ञान होते आणि जे घडत होतं ते दोघांच्या मर्जीनं होतं. घुसलेल्यांनी चित्रीकरण केलं. दुसऱ्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला, विद्यापीठानं सिरस यांना निलंबित केलं आणि क्वार्टर सोडायला सांगितलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस त्यांच्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, बहुतेक हळहळ म्हणून. इथे ते टप्प्याटप्प्यानं उलगडलं आहे, कारण आज जळगावात, सांगलीत किंवा गडचिरोलीत उघडपणे समलिंगी म्हणून राहू पाहणाऱ्याच्या वाट्याला येणारी बहुतेक संकटं याच क्रमानं येतात.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यायला हवी. सिरस यांना निलंबित करायला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची गरज पडली नाही. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्दबातल ठरवलं होतं, तो निकाल तेव्हा लागू होता. विद्यापीठानं वापरला तो सेवानियमांतला ‘गैरवर्तन’ हा शब्द. अनैतिक वर्तनामुळे शिक्षकाच्या आणि संस्थेच्या प्रतिमेला बाधा आली, असा आरोप होता. पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून कायमचं बाहेर काढलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरलं नाही. ‘गैरवर्तन’, ‘न शोभणारी वर्तणूक’, ‘संस्थेची बदनामी’ हे शब्द मात्र प्रत्येक सेवानियमात आजही जागच्या जागी आहेत. फौजदारी कायदा गेला म्हणून निर्धास्त झालेला माणूस सापडतो तो इथेच.

एका सहीत घर आणि पगार

सिरस प्रकरणातला सर्वांत घातक दुवा म्हणजे नोकरी देणारा आणि घर देणारा एकच होता. त्यामुळे पहिल्या चोवीस तासांतच दोन्हींवर गंडांतर आलं. निलंबन झालं तरी पगाराचा काही भाग मिळत राहतो. डोक्यावरचं छप्पर मात्र अर्धं मिळत नाही. ज्या वेळी वकील गाठायचा, कागद जमवायचे, झोप सांभाळायची, नेमक्या त्याच वेळी सामान बांधून घर शोधत फिरावं लागतं. आणि तेही अशा गावात, जिथे तुमचं नाव नुकतंच वर्तमानपत्रात येऊन गेलं आहे.

महाराष्ट्रात ही रचना पावलोपावली दिसते. साखर कारखान्याची कॉलनी, पोलीस लाइन, रेल्वे क्वार्टर, आश्रमशाळेतली शिक्षकांची घरं, धरणावरच्या पाटबंधारे वसाहती. अशा ठिकाणी राहणाऱ्यानं आपल्याबद्दल कुणाला सांगण्याआधी कॉलनीबाहेर एक पर्यायी जागा ठरवून ठेवावी. ती घेऊन ठेवायलाच हवी असं नाही. रात्री अकरा वाजता फोन केला तर दार उघडेल आणि महिनाभर राहू देईल असं एक घर माहीत असलं, आणि त्या घराशी तसं आधी बोलणं झालेलं असलं, तरी पुरे.

खासगी भाड्याच्या घराचं गणित वेगळं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि तो नोंदवून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाड्यानं राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. तरीही व्यवहारात बिननोंदणीचा माणूस भांडत नाही, निघून जातो. म्हणून ११ महिन्यांचा का होईना, नोंदवलेला करार करावा, त्याची पीडीएफ स्वतःच्या मेलवर ठेवावी, आणि जोडीदार सोबत राहणार असेल तर दोघांची नावं करारात घालावीत. ‘मित्र आहे, अधूनमधून येतो’ असं सांगून राहिलेल्या जोडीदाराला सोसायटीचा सेक्रेटरी एका फोनवर बाहेर काढू शकतो. ज्याचं नाव करारात आहे त्याला काढायचं तर कायद्याची वाट धरावी लागते.

आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या तरुण मुलामुलींची स्थितीही क्वार्टरमधल्या नोकरदारासारखीच असते. छप्पर आणि पैसा एकाच हातात. घरी सांगितल्यावर जे होतं त्याचा क्रम बहुतेक ठरलेला असतो : आधी रडारड, मग फोन काढून घेणं, मग एखादा डॉक्टर किंवा बाबा, आणि मग घाईघाईनं जमवलेलं स्थळ. म्हणून सांगण्याआधी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, आधार, पॅन, जन्मदाखला, पासपोर्ट हे कागद आपल्या ताब्यात असावेत. बँक खातं एकट्याच्या नावावर असावं आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर स्वतःचा असावा. हा नंबर वडिलांचा असेल तर ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि खातं असून नसल्यासारखं होतं. निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याखेरीज सांगण्याची घाई करू नये. सांगणं महिनाभर लांबलं तर काही बिघडत नाही. कागद आणि पैसा नसताना सांगितलं तर पुष्कळ बिघडतं.

डॉक्टरकडे नेलं तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. समलिंगी कल ‘बरा करण्याचा’ दावा करून केलेले उपचार हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत, आणि त्याविरुद्ध राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. चिठ्ठी, बिल, औषधांची पाकिटं जपून ठेवावीत, तक्रार त्यांच्यावरच उभी राहते. सज्ञान मुलाला किंवा मुलीला घरात कोंडलं असेल तर जोडीदार किंवा जवळचा मित्र उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी याचिका, दाखल करू शकतो. अशा वेळी न्यायालयानं त्या व्यक्तीची इच्छा थेट तिच्याकडूनच जाणून घ्यावी आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये, अशा मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये दिल्या आहेत.

घुसखोरी आणि चित्रफीत

सिरस यांच्या घरात जे घुसले त्यांनी दोन वेगळे गुन्हे केले : परवानगीशिवाय घरात शिरले आणि खासगी क्षणांचं चित्रीकरण केलं. पण दुसऱ्या दिवसापासून चर्चा झाली ती फक्त सिरस यांच्या वर्तनाची. असं होतं, कारण संस्थेचा कागद लगेच निघतो आणि पीडिताची तक्रार मागाहून येते. ज्याचा कागद आधी, त्याचीच गोष्ट आधी ऐकली जाते. म्हणून अशी घटना घडल्यावर पहिल्या चोवीस तासांत आपली तक्रार नोंदलेली असणं हे वकील मिळण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

घरात शिरल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ लागतं, धमकीसाठी ३५१, पैसे मागितले तर खंडणीचं ३०८. चित्रीकरणाच्या बाबतीत एक खाच आहे. संहितेतलं चोरून पाहण्या-टिपण्याचं कलम ७७ फक्त स्त्री पीडित असेल तेव्हाच लागू होतं. पुरुषाला आधार आहे तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई चा : खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाण्यातल्या हवालदाराला हे कलम पाठ असेलच असं नाही, तेव्हा अर्जात ते स्वतः लिहून न्यावं. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. ऑनलाइन पाठवलेली तक्रारही चालते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

आजकाल कॅमेरेवाला दार फोडून येत नाही, डेटिंग अ‍ॅपवरून येतो. खोटं प्रोफाइल, दोन दिवस गोड गप्पा, लॉजवर किंवा निर्जन जागी बोलावणं, तिथे आणखी तिघंचौघं, मारहाण, चित्रीकरण आणि यूपीआयवरून पैसे. पहिले पाच हजार दिले की मागणी थांबत नाही, उलट हा देणारा आहे हे त्यांना कळतं. तेव्हा पैसे देऊ नयेत. दिले गेलेच असतील तर व्यवहार क्रमांक जपावा, कारण तोच आरोपीपर्यंत नेतो, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावं. घाबरून चॅट उडवणं ही सगळ्यात सामान्य चूक. आधी नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मूळ फोन तसाच ठेवावा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. फोन फॉरमॅट केलेला असेल तर पुराव्याचा मूळ आधारच जातो. चित्रफीत पसरण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय या मोफत सुविधेत ती फाइल न पाठवता तिचा अंकरूपी ठसा तयार करता येतो. सहभागी असलेल्या समाजमाध्यमांवर तशीच फाइल कुणी चढवली तर ती या ठशावरून ओळखून अडवता येते.

ठाण्यात ‘तुझ्यावरच केस होईल’ असं अजूनही ऐकवलं जातं. बंद दाराआड, सज्ञानांत, संमतीनं जे घडलं त्यासाठी केस होत नाही. सार्वजनिक जागेत मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११०, असभ्य वर्तनाचं, वापरलं जातं, आणि बागेत किंवा गाडीत भेटणाऱ्यांना धाक असतो तो याच कलमाचा. दंड किरकोळ असतो. पण घरी फोन जाईल या भीतीनं माणूस त्याच्या कैक पट रक्कम हातावर ठेवून येतो.

निलंबनाचा कागद कसा वाचावा

निलंबन ही कायद्याच्या भाषेत शिक्षा नाही, चौकशीपूर्वीची तात्पुरती व्यवस्था आहे. न्यायालयं एरवी त्यात सहसा हात घालत नाहीत आणि ‘आधी चौकशीला सामोरे जा’ असं सांगतात. तरी सिरस यांना स्थगिती मिळाली, ती दोन गोष्टींमुळे. त्यांच्या वतीनं लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेचे ज्येष्ठ वकील आनंद ग्रोव्हर उभे राहिले. आणि युक्तिवाद ‘असं घडलंच नाही’ असा नव्हता. जे घडलं ते घरात, खासगीत घडलं, आणि अध्यापनाशी त्याचा संबंध काय, असा होता. खंडपीठाचं प्रथमदर्शनी मत असं की खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे, आणि शिक्षक असला तरी एखाद्याच्या वर्तनाचा नोकरीशी ठोस संबंध दिसत नसेल तर ते गैरवर्तन मानता येणार नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. त्याच्या सात वर्षं आधीचं हे मत आहे.

‘नोकरीशी ठोस संबंध’ ही कसोटी प्रत्येकानं मनात ठेवावी. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देताना खासगी आयुष्याचा खुलासा करत बसू नये. कोणत्या नियमाचा कोणता उपनियम मोडला, आणि कर्तव्यावर त्याचा काय परिणाम झाला, एवढंच लेखी विचारावं. सर्वांत मोठं नुकसान होतं ते त्या आधी, साहेबांच्या केबिनमध्ये. ‘प्रकरण इथेच मिटवू, तू फक्त दोन ओळी लिहून दे’ असं सांगून माफीनामा किंवा राजीनामा घेतला जातो. तसा माफीनामा नंतर कबुलीजबाब म्हणून वापरला जातो, आणि दिलेला राजीनामा मागे घेण्याची लढाई निलंबनापेक्षा कितीतरी अवघड. त्या दिवशी कशावरही सही करू नये. मिळालेल्या कागदावर फक्त ‘प्रत मिळाली’ असं लिहून तारीख टाकावी.

केंद्रीय सेवेत पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेइतका निर्वाह भत्ता आणि त्यावरचा महागाई भत्ता मिळतो. त्यासाठी आपण दुसरीकडे नोकरी करत नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते न दिल्यामुळे भत्ता अडकल्याची उदाहरणं कुठल्याही आस्थापना विभागात सापडतील. महाराष्ट्र शासनाचे नियमही याच धर्तीवर आहेत. तीन महिन्यांत आरोपपत्र दिलं नाही तर निलंबन त्यापुढे लांबवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा नव्वदावा दिवस कॅलेंडरवर नोंदवून ठेवावा. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फ केलं किंवा कामावरून कमी केलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावं लागतं. ही मुदत फार थोड्यांना माहीत असते. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला यातलं काहीच मिळत नाही. त्याला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत, एवढंच. त्यानं कॉलेजात उघडपणे राहायचं की नाही हे ठरवताना हा फरक डोळ्यांआड करू नये, आणि इतरांनीही त्याला भित्रा म्हणू नये.

१ एप्रिल ते ७ एप्रिल

स्थगिती मिळाली, त्या दिवशी बाहेरून पाहणाऱ्याला प्रकरण संपल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे, आणि आदेश निघणं म्हणजे तो अमलात येणंही नव्हे. प्रमाणित प्रत काढायची, ती कार्यालयात देऊन पोच घ्यायची, मग तिथून रुजू करून घेण्याचं पत्र निघायचं, मग क्वार्टरची चावी. या साखळीत सहज आठवडा जातो. सिरस यांच्याबाबतीत निलंबन मागे घेतल्याचं पत्र कार्यालयात पोचलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. प्राथमिक तपासणीत विषाचे अंश आढळले, पोलिसांनी गुन्हा दाखल केला, विद्यापीठाचे काही अधिकारी आणि पत्रकार यांची नावं त्यात आली, आणि पुढे पुराव्याअभावी तपास बंद झाला. ते कसे गेले याचं निश्चित उत्तर मिळालेलं नाही, आणि अंदाजानं ते देऊ नये.

सांगता येतं ते एवढंच, की या सात दिवसांत ते भाड्याच्या घरात एकटे होते. त्यांची बाजू घेणारे वकील आणि कार्यकर्ते मुख्यतः बाहेरगावचे. असे लोक लढा उभा करतात. पण संध्याकाळी जेवलास का असं विचारायला दारात येत नाहीत, ते त्यांना शक्यही नसतं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या माणसांकडे द्यावी लागतात. प्रकरण अंगावर आलेल्याच्या मित्रांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून घ्यावी : वकिलाशी बोलणारा एक, पत्रकारांचे फोन घेणारा एक, आणि रात्री मुक्कामाला राहणारे दोघं-तिघं आळीपाळीनं. फोन रोज एका ठरलेल्या वेळी करावा आणि तो उचलला गेला नाही तर तासाभरात कुणीतरी प्रत्यक्ष जावं. हा क्रम निकाल बाजूनं लागल्यावर मोडतो, कारण सगळ्यांना हायसं वाटतं आणि जो तो आपापल्या कामाला लागतो. निकालानंतर निदान महिनाभर तो तसाच चालू ठेवावा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ नुसार कुणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मानसिक उपचारांच्या वेळी आपल्या बाजूनं उभा राहणारा माणूस, नेमू शकते. तो नातेवाईक असण्याची अट नाही. हा एक कागद जवळ नसेल तर अडचणीच्या वेळी रुग्णालय ज्या नातेवाइकांना बोलावतं, ते कदाचित तेच असतात ज्यांच्यामुळे माणूस तिथवर पोचला. बँकेचं संयुक्त खातं समलिंगी जोडीदारासोबत काढायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यामुळे मृत्युपत्र वेगळं करावं लागतं : दोन साक्षीदार, दोघंही लाभार्थी नसलेले. समलिंगी विवाहाला ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्यता नाकारल्यामुळे वारसा आपोआप मिळत नाही, कागदच करावे लागतात.

ज्याच्या नावावर याचिका नव्हती

त्या रात्री घरात दोन माणसं होती. निलंबन, चौकशी, निर्वाह भत्ता, रिट, स्थगिती हे सगळं सिरस यांच्या वाट्याला आलं, कारण त्यांच्याकडे सेवापुस्तिका होती. रिक्षा चालवणाऱ्याला निलंबित करता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी स्थगितीही मागता येत नाही. सेवानियमांवर उभ्या असलेल्या कुठल्याही बचावात असा माणूस बसतच नाही. पोलिसी दबाव आणला जातो तो मात्र बहुधा त्याच्यावरच. ‘मास्तरनं फसवलं असं लिहून दे’ म्हणून त्याचा जबाब घेतला की संमतीचा मुद्दाच उलटतो आणि प्राध्यापकाचाही बचाव कोसळतो.

त्यामुळे अशा प्रकरणात दोघांच्या तक्रारी वेगवेगळ्या नोंदवाव्यात आणि शक्यतो दोघांना वेगळे वकील द्यावेत. ज्याचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत बसतं त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं आणि हेल्पलाइन १५१०० आहे. अर्जात समलिंगी असल्याचा उल्लेख करण्याची गरज नाही : घरात घुसून मारहाण आणि विनापरवाना चित्रीकरण, एवढं कारण पुरतं.